शिवप्पाकाकांचं रान

अहमदपूरच्या स्टँडवर बापूंनी, माझ्या वडिलांनी, मला एसटीत खिडकीपाशी बसू दिलं नाही. गाडी सुटल्यावर कानाशी वाकून म्हणाले, "तू काही बघितलं न्हाईस. ध्यानात ठेव." मी सतरा वर्षांची होते. आम्ही कायमचे पुण्याला निघालो होतो.

बघितलं होतं ते असं.

शिवप्पाकाकांचं रान आमच्या रानाला लागून. दुष्काळात गाव ओस पडलं तरी ते रोज सकाळी ढेकळं फोडायचे. लोक हसायचे. ते म्हणायचे, "पाऊस आल्यावर त्याला दारातच उभं करावं का?"

तेव्हाच लातूर जिल्हा नवा झाला. कचेऱ्या, घरं उठू लागली, विटांना मागणी आली. बापूंनी आमची काळी माती भट्टीवाल्याला विकली. हातभर उकरून नेली, खालचा मुरूम उघडा पडला. काका बापूंना म्हणाले, "कातडं सोलून दिलास की रे, दत्तू."

एका दुपारी भट्टीची माणसं बांध फोडून काकांच्याही रानात माती उकरायला शिरली. काका ट्रॅक्टरपुढे उभे राहिले. एकानं लाथ घातली. काकांनी उठून त्याचं मनगट दातात धरलं, रक्त आलं तरी सोडलं नाही. मग डोक्यात फावडं बसलं. दोनदा. तिसऱ्यांदा, ते पालथे पडलेले असताना. बापू दहा पावलांवर होते. मी किंचाळले, तर त्यांनी माझ्याच तोंडात मारली.

काकांना लिंगायत रीतीनं त्यांच्याच रानात बसवून पुरलं. बापूंनी फौजदाराला सांगितलं, "ट्रॅक्टरखाली आला." आठवड्यात आम्ही गाव सोडलं.

गावात मागं राहिलेले तुम्ही म्हणत असाल, पोरगी सुखात पडली. पडले. नोकरी, फ्लॅट, मुलं. 'हाव' म्हणायचं सोडून 'हो ना' म्हणायला शिकले. बापू मरेपर्यंत त्या दुपारबद्दल बोलले नाहीत, आणि मीही नाही.

त्यांचं तेरावं उरकून मी गावी गेले. गौराकाकू, शिवप्पाकाकांची बायको, दारात तूर पाखडत होती. मी सगळं सांगितलं. सूप थांबलं नाही.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "तवा फौजदारापुढं बोलायचं व्हतंस. आता मला कशाला सांगायलीस?"

तिनं बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी उभीच राहिले. पुण्यात हा प्रश्न मला कुणीच विचारू शकत नाही. तो विचारणारं माणूस जिथं अजून जिवंत आहे, तेच माझं गाव.