काचेवरची पाच बोटं

पिठानं पांढरी झालेली पाच बोटं माझ्या काउंटरच्या काचेवर टेकवून ती उभी राहायची. "भाऊ, डोस्क्यात गिरणी सुरू झाली. हिला बटनच न्हाई बघा." मी मागच्या खणातली गोळी काढून द्यायचो आणि ती गेल्यावर कुरकुरत काच पुसायचो.

वडूजला माझ्या मेडिकलसमोर तिची पिठाची गिरणी होती. सगळे तिला अक्का म्हणत. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल. अर्धशिशी उठली की डोक्याला फडकं आवळून, एक डोळा मिटून ती दळत राहायची. कुणी म्हणालं, "अक्का, पीठ जाड आलंय," तर उत्तर तयार असे. "एकाच डोळ्यानं दळलंय. दुसरा उघडला की बारीक करून देते, जावा."

ती गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नव्हती. कधीकाळी एका डॉक्टरांनी लिहून दिलेली. पुढं कित्येक वर्षं मीच देत राहिलो. दुकानाच्या तपासणीची धास्ती होती, म्हणून एकदा म्हणालो, "अक्का, ही माझ्याकडून घेता हे कुठल्या डॉक्टरला सांगू नका."

"माझ्या तोंडाला कुलूप हाय, भाऊ."

तेव्हा मला बरं वाटलं होतं.

मागच्या वर्षी गिरणीच्या चालत्या पट्ट्यात तिचा उजवा हात अडकला आणि तर्जनी तुटून पडली. मीच धावलो. बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळलं, पिशवीत घातलं, ती पिशवी बर्फात ठेवली. सांगलीच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली केसासारख्या शिरा जोडल्या आणि बोट गुलाबी झालं. गावात लोक माझी पाठ थोपटत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या लेकीचा फोन आला. "मामा, आईचं डोस्कं सकाळी लय उठलं व्हतं. आता बोट पांढरं पडाय लागलंय. डॉक्टर इचारत्यात, काय गोळी घेतली का? ती न्हाई म्हणतीय."

मला लगेच कळलं. ती गोळी शिरा आवळते. अक्काच्या बटव्यात त्या गोळीची पाकिटं कायम असायची आणि ती मीच दिलेली होती.

"बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

मग मी काय केलं? खोकल्याच्या बाटल्या उतरवल्या, पुन्हा लावल्या. एका गिऱ्हाइकाला मलमपट्टी दिली. भिंतीवरच्या फ्रेममधल्या परवान्याकडं बघितलं. रस्त्यावर जाऊन आलो. घड्याळाकडं बघायचं टाळत होतो, तरी तास गेला हे मला माहीत होतं. मग फोन लावला. "तिचा बटवा बघ. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना दाखव. मी दिलीय म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला गेलो. डॉक्टर ओरडले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. म्हणाले, "डोकेदुखीवर इथं उपाय होते. शिरांना धक्का न लावणारी साधी गोळी, अंधारी खोली, कपाळावर गार पट्टी. आम्ही चहा आणि तंबाखूसुद्धा बंद ठेवतो. पण ती काय घेते हे आम्हाला कळायला हवं होतं." त्यांनी खूप प्रयत्न केले. बोट राहिलं नाही.

अक्का खाटेवर एक डोळा मिटून पडली होती. मला बघून पुटपुटली, "मी न्हाई सांगितलं हो. पोरीनं बटवा उचकला."

"मीच सांगितलं, अक्का. पण उशिरा."

"किती उशिरा?"

"तासभर."

"तासात लय दळण व्हतंय, भाऊ."

पुढं पुन्हा कधी हा विषय तिनं काढला नाही. गावी आली, गिरणी सुरू केली. डोकं उठलं की यायची, पण आधी सांगलीची चिठ्ठी काचेवर ठेवायची. "वाचा आदी." मी वाचायचो. शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ती चिठ्ठीवरचा हात काढायची नाही.

यंदा लेकीनं तिला सांगलीला आपल्याकडं कायमचं राहायला नेलं. निघताना ती दुकानात आली, काही न घेता नुसती टेकून उभी राहिली. "येते, भाऊ. तो मागचा खण साफ करा." मी म्हणालो, केलाय.

गाडी गेल्यावर फडकं घेतलं. काचेवर पिठाचे ठसे होते. अंगठा, मग मोकळी जागा, मग तीन बोटं. फडकं तसंच खाली ठेवलं. पुढं गिऱ्हाइकांच्या पिशव्यांनी ठसे पुसले गेले. मोकळी जागा कुठं होती ते मात्र मला अजून बोट ठेवून दाखवता येतं.