रांगेतला गुडघा

एमआरआयच्या खोलीत एकोणीस वर्षं काम करणाऱ्या या बाईला सगळं रुग्णालय मौनीबाई म्हणत असे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं. नाव पडायचं कारणही साधंच. माणसाच्या आतलं सगळं काचेअलीकडच्या पडद्यावर तिला आधी दिसायचं, डॉक्टरांना मागाहून. टेबलावरून उतरता उतरता प्रत्येक जण विचारायचा, "काय निघालं हो?" तिचं उत्तर ठरलेलं, "डॉक्टर सांगतील." एकदा खुद्द अधीक्षकांनी आपल्या गुडघ्याबद्दल खोदून खोदून विचारलं, तर त्यांनाही तिने हेच ऐकवलं. आठवडाभर कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नव्हता.

तिची दुसरी ख्याती रांगेची. मशीन एक, माणसं शेकड्यांनी. डोकी, पाठी, गाठी यांचे नंबर आधी आणि गुडघे बिचारे शेवटी. ऐन वेळी कुणी आलं नाही की वही उघडून ती पुढच्याला फोन लावी. वशिला घेऊन येणाऱ्याकडे ती असं काही बघायची, की तो आल्या पावली परत फिरे. लोक तिला खडूस म्हणत, पण तिच्या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवत. तिला त्याचा अभिमान होता. खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

तिचा धाकटा भाऊ फरशी बसवायचं काम करायचा. वय छत्तीस, पण घरात अजून बारक्याच. दिवसभर गुडघ्यांवर बसून पातळी बघायची, फरशी ठोकायची, पुढे सरकायचं. एकदा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कोपऱ्यातली शेवटची फरशी ठोकून उठताना त्याचा डावा गुडघा आतून कट्कन वाजला आणि वाकलेलाच राहिला. जवळच्या डॉक्टरने कागदावर 'पाय मुरगळला, एमआरआय करावा' एवढंच लिहून दिलं. कागद तिच्या वहीत आला, नंबर लागला.

"ताई, पाय सरळच होत नाही गं कधी कधी," तो म्हणाला. "आत काहीतरी अडकतं. हलवून हलवून सोडवावं लागतं. मधे एखादी जागा निघाली तर बघ ना."

"रांग म्हणजे रांग, बारक्या. उद्या लोक माझ्या तोंडावर बोलतील."

"बरं बाई. राहू दे तुझी रांग," तो हसून म्हणाला. पुन्हा त्याने विषय काढला नाही.

गुडघा अडकतो म्हणजे काय, हे तिला न कळायला काय झालं? दोन हाडांच्या मधे कूर्चेची गादी असते. ती उभी फाटली आणि फाटलेला तुकडा सरकून सांध्याच्या मध्यावर येऊन बसला, की गुडघा असा अडकतो. लवकर सापडला तर शिवता येतो. म्हणून अडकणारा गुडघा दिसला की डॉक्टरांना फोन करायचा, कागदावर 'तातडीचे' लिहून घ्यायचं आणि माणसाला पुढे घ्यायचं, हा त्या विभागाचा शिरस्ताच होता. असे कितीतरी फोन तिनेच केले होते, परक्यांसाठी. भावासाठी तिचा हात फोनकडे गेला नाही. आपल्या माणसाला आत घुसवलं, असं कुणी म्हणायला नको होतं. पाच महिन्यांत नऊ जागा रिकाम्या निघाल्या आणि नऊ वेळा तिने दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं. बारक्या उजव्या गुडघ्यावर भार टाकून काम ओढत राहिला.

शेवटी त्याचा नंबर आला. तिने त्याच्या खिशातली मोजपट्टी, पट्टा, किल्ल्या काढून घेतल्या, गुडघा साच्यात बसवला, दोन्ही बाजूंनी फोम खोचला.

"हलायचं नाही हं. वीस मिनिटं."

"लहानपणी तू केस कापायचीस तेव्हा बसायचो, तसा बसतो," तो म्हणाला.

पडद्यावर चित्रं उमटू लागली. गादीचा काळा त्रिकोण जिथे असायला हवा तिथे नव्हता. तो मधोमध येऊन पडला होता, कडा पार चिंध्या झालेल्या. त्याने घासून घासून हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरणही खाल्लं होतं. तिला आणखी चित्रं बघायची गरज नव्हती, तरी ती शेवटपर्यंत बघत राहिली.

"शिवता येईल ना गं?" त्याने उठून बसत विचारलं.

"डॉक्टर सांगतील," ती म्हणाली आणि साच्याचा पट्टा सोडवायला उगाच वेळ लावत खाली वाकून राहिली.

चार दिवसांनी दोघं शल्यविशारदांसमोर बसले. त्यांनी चित्रावर पेन टेकवलं. "शिवण्यासारखं काही उरलेलं नाही. फाटका भाग काढून टाकू. चालाल, फिराल, पण गुडघ्यावर बसून काम आता होणार नाही. अडकायला कधीपासून लागला?"

"पाच महिने झाले."

"पाच महिने? अहो, अडकतो एवढं जरी कळलं असतं, तरी आम्ही आठवड्यात घेतलं असतं. बहीण इथेच असून तुम्ही गप्प बसलात?"

तिने तोंड उघडलं, पण बारक्या आधी बोलला. "तिला मी सांगितलंच नाही, डॉक्टर. मुरगळलाय म्हणालो. कंटाळा केला, दुसरं काय."

डॉक्टर तिच्याकडे वळून हळहळले. "घरचीच माणसं आपल्याला काही सांगत नाहीत, नाही का?"

आणि तिने मान हलवली. हो म्हणून.

बाहेर जिन्यापाशी तो कठडा धरून थांबला. ती रडत होती, आणि तिला आवरतही नव्हतं.

"आईलाही हेच सांगायचं हं, ताई."

"का रे असं केलंस?"

"मला आता दुसरं काम बघायचंच आहे," तो एक पायरी उतरत म्हणाला. "तुला रोज इथंच यायचंय."