निनावी दुखण्याचा काढा

स्तामेन वुत्सोव्हने कागदावर खोटं लिहिलं, असं कुणी म्हटलं असतं तर आमच्या गावाने म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. चौतीस वर्षं त्रोयान ते लोव्हेच बस चालवली या माणसाने. सहा वाजून चार मिनिटांनी बस सुटली तर वहीत सहा-चारच लिहायचा, सहा नाही. एकदा धुक्यात कुणाचं तरी वासरू बसखाली आलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुसरा असता तर गुपचूप निघून गेला असता. हा बाबा खाली उतरला, वासराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहून घेतला आणि डेपोत जाऊन स्वतःचीच तक्रार स्वतः नोंदवली. महिनाभर घरी बसवलं त्याला. सगळे म्हणाले, अरे शहाण्या, कुणी बघितलं होतं? तो म्हणाला, "वही काय माझी आहे? ती बसमध्ये बसणाऱ्यांची आहे."

असला माणूस.

त्याची बायको त्सोना त्याला बसमध्येच भेटली. डोंगरातून औषधी पाला तोडून पोत्यांनी खरेदी केंद्रावर घालायची. पहिल्याच दिवशी पोती टपावर टाक म्हणून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. "टपावर टाकलीस तर तुलाच टपावर बसवीन," ती म्हणाली होती. पोती आत आली, त्सोनाही आत आली, आणि पुढची चाळीस वर्षं घरात शेवटचा शब्द तिचाच राहिला. तो एरवी कुणाला दबायचा नाही, पण तिच्यापुढे मूग गिळून बसायचा आणि त्यात त्याला सुखही वाटायचं.

निवृत्त झाल्यावर सातव्या वर्षी त्याच्या यकृतात गाठ निघाली. साधी नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून उगवणारी, अख्ख्या देशात वर्षाला चार-पाच जणांना होणारी. तिचं लॅटिन नाव इतकं लांब की लोव्हेचच्या डॉक्टरने ते दोन ओळींत लिहिलं. नेहमीची औषधं चालेनात. शेवटी राजधानीत, सोफियाला, मोठ्या इस्पितळात एक चाचणी चालली होती, तिथे नंबर लागला.

चाचणी दोन औषधांच्या जोडीची होती. एक औषध दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून, दुसऱ्याच्या गोळ्या रोज सकाळी घरी. दोन्ही औषधं एकेकटी वापरलेली, पण एकत्र किती द्यायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून पायऱ्या केलेल्या. एका पायरीवर तीन माणसं. तिघांना झेपलं तर पुढच्या तिघांना वरची पायरी, म्हणजे जास्त डोस. नाही झेपलं तर तिथेच थांबायचं. स्तामेन आपल्या पायरीवरचा तिसरा होता.

"काका, दोन गोष्टी," डॉक्टर राल्चेव्हा म्हणाली होती. पस्तिशीची, बारीक, सतत घाईत असलेली बाई. "या वहीत खाल्लंप्यायलेलं सगळं लिहायचं. आणि लिपाच्या फुलांचा साधा चहा चालेल, पण त्याशिवाय झाडपाल्याचं काहीही घ्यायचं नाही. ते पिवळ्या फुलांचं कांतारियोन तर मुळीच नाही. त्याने यकृत आमच्या गोळ्या काम करायच्या आत बाहेर फेकून देतं. तसलं काही घेतलं आणि लपवलं, तर चाचणीतून नाव कमी. तिथे माझंही काही चालत नाही."

"बसची वही होती, तशीच ही," स्तामेन म्हणाला.

घरी आल्यावर त्याने त्सोनाला सांगितलं. ती चुलीवरच्या घेवड्याच्या रश्शात पळी फिरवत होती, फिरवतच राहिली.

"पस्तिशीची पोरगी! कांतारियोन कधी हाताने तोडलंय का तिने?"

"तिने पुस्तकं वाचलीत, त्सोना."

"वाचू दे. त्या पुस्तकांत तुझ्या दुखण्याला नाव तरी नीट आहे का?"

पहिले पाच आठवडे स्तामेनने नरक बघितला. तोंड आतून सोललं. तळहातांची कातडी पापडासारखी निघू लागली, शर्टाचं बटण लावता येईना. दह्याशिवाय घशाखाली काही उतरेना. पण जूनमध्ये तपासलं तर गाठ नऊ सेंटिमीटरवरून साडेसातवर आलेली. डॉक्टर राल्चेव्हाने त्याच्या खांद्यावर थाप मारली, आणि परतीच्या बसमध्ये तो ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून प्रत्येक वळणाला पायाने नसलेला ब्रेक दाबत, मनातल्या मनात गाणी म्हणत आला.

त्सोनाने गाठ बघितली नाही. तिने हात बघितले.

आता एन्योव्हदेनच्या सणाचं सांगायला हवं. चोवीस जून. त्या पहाटे दव वाळायच्या आत तोडलेल्या पाल्याला वर्षातली सगळ्यात जास्त ताकद असते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दुखणी सत्त्याहत्तर आणि पाले साडेसत्त्याहत्तर. सत्त्याहत्तर पाले नाव असलेल्या दुखण्यांसाठी आणि तो उरलेला अर्धा, ज्या दुखण्याला नाव नाही त्याच्यासाठी. हा अर्धा पाला कुठला ते कुणी सांगत नाही, ज्याचं त्याने ओळखायचं असतं. त्सोनाने ओळखला. कांतारियोनच्या झुडपाचा वरचा अर्धा भाग, फुलं आणि कळ्या.

त्या पहाटे ती एकटी डोंगरावर गेली. गुडघे कामातून गेलेली बाई. आठ वाजता परत आली तेव्हा स्कर्ट कमरेपर्यंत भिजलेला, एक गुडघा फुटलेला, रक्त मोज्यात उतरलेलं. पदराला बांधावं तसं ॲप्रनमध्ये ओटीभर कांतारियोन बांधून आणलं होतं. पाणी उकळलं आणि कप त्याच्यापुढे ठेवला.

"नको, त्सोना. तुला माहीत आहे."

"मी तुझ्याकडे चाळीस वर्षांत काही मागितलं?"

खरं तर तिने चाळीस वर्षांत सगळंच मागितलं होतं. पण तिच्या गुडघ्यावरून रक्त ओघळत होतं, आणि ओठ थरथरत होते. त्सोनाचे ओठ! स्तामेनने कप उचलला. एकच कप, त्याने स्वतःला बजावलं. मग वही उघडली, आणि 'लिपाच्या फुलांचा चहा' असं लिहिलं. आयुष्यातलं पहिलं खोटं, तेही सुवाच्य अक्षरात.

दुसऱ्या सकाळी कप पुन्हा समोर होता.

आणि गंमत बघा! पंधरा दिवसांत तोंड बरं झालं. तळहातांवर गुलाबी, नवी कातडी आली. तो चीज भरलेली खुसखुशीत बानित्सा खाऊ लागला, अंगणात लाकडं फोडू लागला. त्सोनाला तर आभाळ ठेंगणं झालं. येईल त्या बाईला ती त्याचे हात दाखवायची. "बघ! पोरीच्या गोळ्यांनी सोलले, माझ्या काढ्याने भरले!" स्तामेन हात पुढे करायचा आणि आतून गार पडायचा. कारण त्याला कळत होतं. हात भरले, कारण गोळ्या अंगात टिकतच नव्हत्या. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तपासलं तर गाठ तेवढीच होती. वाढली नव्हती, पण घटतही नव्हती.

"असं होतं कधी कधी," डॉक्टर म्हणाली. "पण तुम्हाला सोसलं किती छान! रक्ताचे नमुने परदेशात गेलेत, त्यांना वेळ लागेल. तोवर तुमचे तीन महिने भरतील. काही झालं नाही तर वरची पायरी उघडेल."

स्तामेनने वही बगलेत मारली आणि बाहेर आला.

त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर त्याला वेलिका भेटली. यांबोलला पहिलीच्या पोरांना शिकवणारी, चौतीस वर्षांची, वजन जेमतेम सेहेचाळीस किलो. तसलीच गाठ.

"वरच्या पायरीवरची पहिली मी," ती म्हणाली. "तुमच्या मागे रांगेत. दाखवा ना काका, तळहात."

त्याने दाखवले. दुसरं काय करणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने दोन्ही तळहात आपल्या हातात घेतले, उलटसुलट केले, पोरांच्या वह्या तपासतात तसे.

"मी तर घाबरून सही करत नव्हते. जास्त डोस म्हणजे काय होईल कोण जाणे. पण या वयात तुमचे हात असे राहिले, तर माझेही राहतील. फळ्यावर लिहावं लागतं हो मला." आणि ती हसली. "एकोणतीस तारखेला पहिली सलाइन."

स्तामेनने हात खिशात घातले. बस त्रोयानला पोहोचेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

पुढचे अठरा दिवस माणसाने कसे काढले त्याचं त्याला ठाऊक. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. बोलावं, तर नाव कमी, म्हणजे ज्या औषधाने गाठ घटली होती ते औषधच बंद. त्याहून वाईट म्हणजे त्सोनाला कळणार की नवऱ्याला बुडवलं ते तिच्या अर्ध्या पाल्याने. न बोलावं, तर ती मास्तरीण, ते सेहेचाळीस किलो, आपल्या गुलाबी तळहातांवर भरवसा ठेवून वर चढणार. त्याच्या मनात यायचं, सोसेलही तिला, तरुण आहे. मग दुसऱ्याच क्षणी त्या पाच आठवड्यांतली स्वतःची जीभ आठवायची.

त्याने काढा सोडून बघितला. त्सोनाची पाठ वळली की कप खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत. सहाव्या दिवशी तळहात पुन्हा हुळहुळले, दहाव्या दिवशी सोलायला लागले. गोळ्या परत लागू पडत होत्या! त्याला क्षणभर देवच भेटला. पण त्सोनाचं लक्ष त्या हातांवरच असायचं.

"काढा कमी पडला," ती म्हणाली, आणि मूठभर जास्त घातला. मग समोर खुर्ची ओढून बसली, कप रिकामा होईपर्यंत उठली नाही. "सगळा पी. तळाचाही."

"त्सोना, समज, हे बंद केलं तर..."

"बंद केलं तर मी काय करू?" ती एकदम ओरडली. "तू तिथे सुया टोचून घेतोस, गोळ्या गिळतोस. मी काय करू इथे? भांडी घासू?"

स्तामेनने कप उचलला. तो प्यायला.

एकोणतीस तारखेला तो पहाटेच्या बसने सोफियाला गेला. वेलिका आत खुर्चीत बसलेली, हाताला सुई लावलेली, बाटली अजून टांगायची होती. तिने लांबूनच त्याला हात केला. स्तामेन सरळ डॉक्टरच्या खोलीत गेला आणि टेबलावर वही ठेवली.

"चोवीस जूनपासून जिथे जिथे लिपाचा चहा लिहिलाय, तो कांतारियोनचा काढा आहे."

डॉक्टर राल्चेव्हाने वही उघडली नाही. आधी फोन उचलला, आतल्या सिस्टरला म्हणाली, "सात नंबरच्या खुर्चीचं थांबवा. बाटली लावू नका." मग त्याच्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलीही होती, कशामुळे जास्त ते तिचं तिलाच कळत नसावं.

"काका, मी तुम्हाला स्वतः सांगितलं होतं!"

"सांगितलं होतंस, पोरी."

"कुणी दिलं?"

"मीच तोडलं. मीच उकळलं."

"तुम्ही? तुम्हाला तरी ओळखता येतं का ते झुडूप?"

"चौतीस वर्षं माझ्या बसमधून पोती जायची त्याची."

तिने पुन्हा विचारलं नाही. कागद काढला. नियम तोडणं, नोंद लपवणं, नाव कमी. त्याने विचारलं, नुसत्या गोळ्या तरी? ती नाही म्हणाली. औषध फक्त चाचणीतल्यांसाठीच यायचं, बाजारात नव्हतं. त्याने सही केली आणि वेळही लिहिली, अकरा वाजून सत्तावीस मिनिटं.

बाहेर वेलिका भेटली, हातावर कापसाचा बोळा दाबून, तोंड पाडून.

"काका, माझं नशीबच खोटं. वरची पायरी रद्द. तुमच्याच डोसवर सुरू करणार, तेही उद्या. कुणीतरी काहीतरी घोळ घातला म्हणे."

"असेल कुणीतरी मूर्ख," स्तामेन म्हणाला. "तोंडासाठी दही जवळ ठेव. गार नको, साधं."

संध्याकाळी त्सोना फाटकाशी बाकावर बसलेली होती. त्याची चाल बघूनच ती उठली.

"काय म्हणाले?"

"गोळ्या बंद केल्या."

"बंद? का?"

बसमध्ये तीन तास त्याने हे वाक्य घोटून ठेवलं होतं. "माझ्यावर चालत नाहीत म्हणाले. गाठ ऐकत नाही."

त्सोनाने फाटक धरलं. मग तिने डोळे पुसले, नाक पुसलं, पाठ ताठ केली.

"मी पहिल्या दिवशी म्हटलं नव्हतं? नाव माहीत नाही त्यांना, ते काय बरं करणार! आता माझ्यावर आलं ना? येऊ दे." ती आत गेली. पाणी उकळल्याचा आवाज आला. "आजपासून दोन वेळा. आणि ती मेली वही कुठेय?"

"परत घेतली त्यांनी."

"बरं झालं."

तिने कप आणून दिला, समोर खुर्ची ओढली आणि त्याचे दोन्ही तळहात उलटे करून बघितले. ते अजून सोललेले होते.

"आठवड्यात भरतात की नाही बघ," ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "गुण येईल ना रे, स्तामेन?"

"येईल," तो म्हणाला, आणि तळाचाही प्यायला.