इथे सांगितले

मुलांचं अडखळत वाचणं जिवाचा कान करून ऐकणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघाला. दादा इथल्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकवायचे. मूल वाचायला कसं शिकतं, या एका प्रश्नावर त्यांनी हयात घालवली. गळ्यात दोरी बांधलेलं थांबघड्याळ आणि खिशात वही, यांच्याशिवाय ते लग्नालासुद्धा गेले नाहीत. पंगतीत शेजारी बसलेल्या पोराला लग्नपत्रिका वाचायला देत. त्याचं बोट शब्दावर थांबलं की यांचा घास हातातच थांबे. नियम एकच: सांगायचं नाही. मूल अडो, रडो, शब्द त्याचा त्यानेच काढायचा. कुणी एकदा जरी सांगितला तर त्या मुलाची सगळी नोंद बाद. एकदा बसस्टँडवर त्यांनी एका लहानग्याला गाडीवरची ‘पिशोर’ ही पाटी वाचायला लावली. ते पहिल्या अक्षरावर थांबलं ते थांबलंच. कंडक्टरने घंटी दिली, मी हाका मारल्या, गाडी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. “गाडी काय, दुसरी येईल, पाव्हणं,” दादा म्हणाले. “हे पोरगं असं परत अडणार नाय.” पुढचे दोन तास मी बाकड्यावर बसून मानसशास्त्राला मनोमन शिव्या दिल्या.

या वेडाचं मूळ मला उशिरा कळलं. दादा लहानपणी उर्दू शाळेत पहिल्या नंबरात. पोलीस अ‍ॅक्शन झाली, राज्य बदललं, शाळा मराठी झाली आणि घडाघडा वाचणारा मुलगा एका सुट्टीत अडाणी झाला. मास्तर दयाळू होते, अडला की शब्द सांगत. दादा ऐकून ऐकून धडे पाठ म्हणू लागले. “सगळ्यांना वाटायचं, याला वाचता येतं,” ते एकदा म्हणाले. “येत नाय हे मला एकट्यालाच ठाऊक होतं. लई भीती वाटायची, पाव्हणं.” त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा कमी केली, सोडली मात्र नाही.

त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध पिशोरच्या शाळेतल्या एका मुलीवर उभा होता. नसीम तिचं नाव. वडील शिंपी, घरात दखनी उर्दू, शाळेत मराठी. तिच्या पहिल्या अक्षरापासून तीन वर्षं दादा दर आठवड्याला एसटीने जाऊन तिचं वाचन टिपत होते. अखेरच्या महिन्यात ती एका शब्दावर अडली. वर्ग हसला. “सर, नाय येत मला,” म्हणत तिने बोट पुस्तकावरून काढून घेतलं आणि मान खाली घातली. आणि दादांनी शब्द सांगितला. मग वहीत लिहिलं: ‘इथे सांगितले.’ त्या दोन शब्दांपायी तीन वर्षं गेली, कारण नसीमची सगळी नोंद त्यांनी आपल्या हाताने बाद केली. मार्गदर्शकांनी समजावलं, “अहो, कुणी पाहिलंय? खोडून टाका ती ओळ.” दादा म्हणाले, “मी पाहिलं ना, सर.” प्रबंध पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, तोवर प्रोफेसरची जागा दुसऱ्याला गेली. मी त्यांना तोंडावर मूर्ख म्हणालो. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातापायांत हळूहळू बळ आलं, जीभही वळू लागली, पण अक्षरं गेली. समोर वर्तमानपत्र धरून ते नुसते बघत बसत. माझ्या बायकोच्याने ते बघवेना; ती पटकन शब्द सांगून टाकी आणि दादा संतापत. “सांगू नको!” शेवटी त्यांनी घड्याळ आणि वही माझ्या हाती दिली. “दाबा, पाव्हणं. आणि तोंड बंद ठेवा.” मग रोज सकाळी सत्तर वर्षांचा तो माणूस डाव्या हाताचं बोट मथळ्याखाली धरून एकेक अक्षर काढू लागला. आपल्याला पुन्हा वाचता येईल की नाही, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. खोटा दिलासा नको होता.

एका रविवारी पिशोरहून नसीम आली. ती आता तिथल्याच शाळेत बाई होती. ती कसलीही विचारपूस न करता दादांच्या शेजारी बसली. दादा ‘पाणीपुरवठा’ या शब्दावर अडले होते. घड्याळ चालत होतं. ‘पाणी’ आलं, पुढचं येईना. दादांनी बोट कागदावरून काढून घेतलं. मी घड्याळाकडे बघत राहिलो. बायकोने तोंड फिरवलं.

“पाणीपुरवठा, सर,” नसीम हळूच म्हणाली.

आता दादा तडकणार म्हणून मी मान खाली घातली. “लिहा, पाव्हणं,” ते म्हणाले, “इथं सांगितलं.” आणि बोट उचलून पुढच्या शब्दाखाली ठेवलं.

पुढे दोन महिन्यांनी दादा गेले. तोवर त्यांना मथळे वाचता येऊ लागले होते, मजकूर नाही. वही माझ्याकडे आहे. तिच्यात त्या रविवारची नोंद माझ्या वाईट अक्षरात आहे. नियमाप्रमाणे दादांची सगळी नोंद बाद करायला हवी होती. मी केलेली नाही.