तोफेखालचं बटण

गावात त्याला सगळे अ‍ॅडमिरल म्हणत, आणि चेष्टा कळायची अक्कल नसल्यामुळे तो ते मानाचं समजे. नौदल त्याने फक्त कॅलेंडरवर पाहिलं होतं. आधी टायरमध्ये हवा भरायचा, आता बुडी मारणाऱ्यांच्या सिलिंडरमध्ये भरायचा, एवढीच काय ती बढती. बंदराबाहेर एक जुनी युद्धनौका बुडून पडली होती, तीही इतक्या उथळ पाण्यात की ओहोटीला तिची डोलकाठी वर डोकावायची. पण होडीतल्या पर्यटकांना हा असा तयार करायचा की जणू पाताळातच उतरायचंय.

"तोफा थंडावल्या, पण माणसं हटली नाहीत!" तो ओरडायचा. प्रत्यक्षात नौका खडकावर आपटली होती आणि माणसं होड्यांत बसून जेवणाच्या वेळेला किनाऱ्यावर पोचली होती. पण खऱ्याला विचारतो कोण?

त्याचा हुकमी एक्का म्हणजे एक पितळी बटण. सकाळी दोर तपासायच्या निमित्ताने एकटाच बुडी मारून तो ते तोफेखालच्या वाळूत पुरायचा. मग पर्यटकांना बरोबर तिथे न्यायचा, हाताने वाळू ढवळायचा, आणि एखाद्या ढेरपोट्या साहेबाला ते 'सापडायचं'. साहेब नुसता बुडबुडे सोडायचा. अ‍ॅडमिरल गंभीरपणे मान हलवायचा, वीरांची वस्तू जागच्या जागी ठेवायला लावायचा आणि पाण्यातच सॅल्यूट ठोकायचा. वर आल्यावर साहेबाचे डोळे ओले असायचे. ते मास्कमध्ये शिरलेल्या पाण्याने, पण अ‍ॅडमिरल तेही स्वतःच्या खात्यावर जमा करायचा.

बटण होतं सासऱ्याच्या कोटाचं. सासरा गावच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, म्हणून बटणावर ट्रंपेटच कोरलेलं. ते झिजल्यावर ह्याने त्यालाच नौदलाचा नांगर ठरवून टाकलं.

"माझे बाबा अंथरुणात गेले हो," बायको सिलिंडर पुसता पुसता म्हणायची. "तुम्ही त्यांना मेल्यावर बुडवलंत!"

त्याचं त्याला काही वाटत नसे. वाटायचं ते मुलीचं. त्याच्यावर विश्वास ठेवणारी घरात तेवढी एकच. नौकेच्या गोष्टी ऐकत ती मोठी झाली होती. बाप काय करतो विचारलं की, वीरांची राखण करतो, असं शाळेत सांगायची. तिच्या मनातून उतरलो तर आपल्यात नुसती टायरमधली हवा उरेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ती पहिल्यांदा बुडी मारणार, त्या दिवशी बटणाचा खेळ नाही, असं त्याने ठरवलं. तिला नौका आहे तशी दाखवायची, असं त्याने बायकोला शपथेवर सांगितलं.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा," ती म्हणाली.

गाढव एकच गोष्ट विसरला. आदल्या दिवशी वाळू सरकली होती. बटण पर्यटकांना सापडलं नव्हतं आणि शोधून शोधून ह्यालाही मिळालं नव्हतं. म्हणजे ते होतं तिथेच.

खाली पोर मजेत फिरली. शेवाळलेला बॉयलर, गंजक्या पत्र्यांतून ये-जा करणारे मासे, सगळं तिने डोळे भरून पाहिलं. एकही थाप न मारता अ‍ॅडमिरलला अभिमान वाटला, आयुष्यात पहिल्यांदाच. तेवढ्यात ती तोफेखाली वाकली. मूठ उघडली तर तळहातावर बटण. तिने ते मास्कजवळ धरलं, अंगठ्याने पुसलं. शाळेच्या नाटकात तिने आजोबांचा तोच कोट घातला होता, तुटलेल्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन लावून.

ती बराच वेळ बघत राहिली. मग बटण जागच्या जागी ठेवलं आणि बापाला सॅल्यूट ठोकला. बापाचा हात काही वर आला नाही.

होडीत दोघंच होती. किनारा जवळ आल्यावर तिने केस पिळले आणि अगदी मुरलेल्या धंदेवाल्यासारखी म्हणाली, "बाबा, तोफेखालची वाळू सरकते. उद्यापासून बॉयलरच्या कडेला ठेवू या. आणि दुसरं बटण बघा, ह्यावरचं ट्रंपेट अजून दिसतंय."

अ‍ॅडमिरलला हुंदका आला. तो त्याने खोकल्यात दडवला, कारण सोंग करण्यात तो तरबेजच होता.

बायको धक्क्यावर उभी होती. "काय गं, काय काय दाखवलं बाबांनी?"

"सगळं," पोर म्हणाली आणि रिकामे सिलिंडर उतरवायला लागली.