ऐनवेळी बंद पडणारी गाडी

आमदारसाहेबांच्या ड्रायव्हरला पक्षाच्या कार्यालयात सगळे 'धक्का' म्हणत. ऐनवेळी गाडी बंद पाडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पक्षाचा आदेश एकीकडे आणि साहेबांना निवडून आणणारे खडी-क्रशरचे मालक दुसरीकडे, असं झालं की साहेब मागच्या सीटवरून म्हणत, "आज गाडीचं काही खरं दिसत नाही." मग हा बापडा रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडायचा, बॅटरीची क्लिप सैल करायचा आणि सभागृहातलं मतदान उरकेपर्यंत हात काळे करत उभा राहायचा. पक्षाला नकार नाही, मालकांना दगा नाही. शिव्या तेवढ्या ड्रायव्हरच्या वाट्याला. घरी तो हे किस्से रंगवून सांगायचा आणि थोरला भाऊ हसून हसून लोळायचा.

तोच भाऊ आता हसला की खोकायचा. क्रशरच्या धुळीने त्याच्या छातीचं पार मातेरं केलं होतं. अशा कामगारांच्या उपचाराचा खर्च मालकांनी द्यावा, असं विधेयक आलं. पक्षाने बाजूने मत द्यायला बजावलं होतं आणि मालक साहेबांच्या घरी येऊन चहा पिऊन गेले होते.

"आज गाडीचं..." मतदानाच्या दिवशी गाडीत बसताच साहेबांनी सुरुवात केली.

"आज ठणठणीत आहे साहेब," म्हणत ड्रायव्हरने थेट सभागृहाचा रस्ता धरला. त्याला या खेळाचा वीट आला होता. नोकरी गेली तर गेली, पण साहेबांना एकदा दारात नेऊन उभं करायचंच.

सिग्नलला गाडी बंद केली, ती पुन्हा सुरूच होईना. त्याने धावत जाऊन बॉनेट उघडलं. इतकी वर्षं सैल करून करून झिजलेली क्लिप तुटून हातात आली.

त्याने टॅक्सी थांबवली. "साहेब, चला, अजून वेळ आहे!"

साहेबांनी टॅक्सीवाल्याला हातानेच पुढे पिटाळलं. "अरे, पुरे. इथे कोण बघतंय? मला वाटलं, आज तू फिरलास."

"खरंच बंद पडलीये साहेब!"

"छान जमतं हं तुला," म्हणून साहेबांनी डोळे मिटले.

विधेयक थोडक्या मतांनी पडलं. रात्री तो घरी आला, तेव्हा भाऊ जागाच होता.

"दादा, गाडी बंद पडली. आईशपथ, खरंच."

भाऊ हसला नाही. "मलाही तेच सांगतोस?" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.