छत्रीमावशींची नारिंगी छत्री

आमच्या संघटनेची खोली औषधाच्या दुकानावर आहे. लाकडी जिना चढून गेलं की दारावर पाटी दिसते. आम्ही सगळे हवाई दलातून निवृत्त झालेले, आणि पाटीवर आमचे दोन हेतू लिहिलेले: हवाई दलाच्या माणसांच्या पाठीशी उभं राहणं, आणि मुलांना विमानविद्या व अवकाशविज्ञान शिकवणं. पहिला हेतू आम्ही जमेल तसा पार पाडत होतो. दुसरा पाटीवरच होता. सभा म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे जुन्या लढाऊ वैमानिकाने, आपण वादळातून विमान कसं उतरवलं ते पुन्हा सांगायचं. दर सभेला वादळ थोडं वाढायचं.

छत्रीमावशी सभासद झाल्या तेव्हा मी चिटणीस होतो. त्यांची सगळी नोकरी हवाई तळावरच्या पॅराशूट विभागात गेली होती. लांबलचक टेबलावर कापड पसरायचं, दोरी न् दोरी बोटांखालून घालायची, घडी बसवायची, पिशवी बांधून सही ठोकायची. तळावर सगळे पॅराशूटला छत्रीच म्हणत, म्हणून त्या छत्रीमावशी.

एका सभेत अध्यक्षांचं वादळ ऐन रंगात आलं असताना मावशींनी हात वर केला.

"साहेब, वादळ झकास आहे. पण पाटीवरचं दुसरं काम कधी काढायचं?"

खोलीत कुणीतरी खोकलं. अध्यक्ष मिशीत हसले. "तुम्हीच सांगा, काय करू या?"

"मुलांच्या हातून काहीतरी उंच वर पाठवू या. आणि धड खाली आणू या."

जवळच्या मुलींच्या शाळेतल्या सायन्सच्या बाई लगेच तयार झाल्या. बेत साधा होता. हवामान खातं सोडतं तसला मोठा फुगा, त्याखाली छत्री, छत्रीखाली थर्मोकोलचा डबा. डब्यात तापमापक, एक वर बघणारा कॅमेरा आणि डबा किती उंचीवर आहे, कुठे पडला ते कळवणारा ट्रॅकर. हवेत खूप वर गेल्यावर फुगा फुटणार आणि छत्री डब्याला अलगद उतरवणार. विमानांच्या वाटेत फुगा येऊ नये म्हणून परवानगी लागते. ती अध्यक्षांनी विमानतळावर खेटे घालून आणली. नारिंगी कापडाची छत्री मुलींनी मावशींच्या मशीनवर शिवली.

पहिला प्रयत्न साफ फसला. डबा एका नांगरलेल्या शेतात धोंड्यासारखा आदळला आणि थर्मोकोलचा भुगा झाला. मुली रडवेल्या झाल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "फुगेच सोडायचे तर जत्रेत जा. शाळा कशाला हवी?"

कॅमेरा मात्र शाबूत होता. मावशींनी मुलींना घेऊन त्यातली फिल्म पुन्हा पुन्हा पाहिली. फुटलेल्या फुग्याचं रबर दोऱ्यांना लपेटत होतं, दोऱ्यांना पीळ पडत होता, आणि छत्री मिटलेलीच खाली येत होती.

एक चष्मेवाली मुलगी म्हणाली, "मावशी, दोऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्यात."

"बरोबर पाहिलंस. मग?"

"त्यांना लांब लांब ठेवायला हवं. मध्ये काहीतरी गोल घालून."

मावशी तडक घरी गेल्या. सूनबाई भरतकामाची लाकडी रिंग हातात धरून टाके घालत बसल्या होत्या.

"रिंग दे गं जरा."

"आई! माझा पोपट अर्धा राहिलाय!"

"पोपट राहू दे तुझ्यापाशी. मला फक्त रिंग हवी."

रिंगेला समान अंतरावर भोकं पाडून त्यांतून दोऱ्या ओवल्या. मग शाळेच्या गच्चीवरून दगड बांधून छत्री इतक्या वेळा सोडली की शेवटी मुख्याध्यापिकाच खाली उभ्या राहून सांगू लागल्या, "पुन्हा सोडा, डावीकडे कलतेय!"

दुसऱ्यांदा फुगा सोडला त्या सकाळी आकाश स्वच्छ होतं. नारिंगी ठिपका दिसेनासा झाला तशा सगळ्या जणी सायन्सच्या बाईंच्या संगणकाभोवती गोळा झाल्या. उंचीचा आकडा चढत राहिला आणि एकदम घसरू लागला. फुगा फुटला होता. डबा भन्नाट वेगाने खाली येत होता.

"पुन्हा तसंच होतंय," चष्मेवाली पुटपुटली.

"थांब. तिथे हवाच विरळ, छत्री भरणार कशानं?" मावशी म्हणाल्या. पण पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

मग वेग मंदावला. आणखी मंदावला. अध्यक्षांनी अशी आरोळी ठोकली की त्यांच्या वादळालाही लाज वाटावी.

डबा उतरला एका पोल्ट्रीच्या आवारात. आम्ही जीपने पोचलो तर मालक डबा काखेत मारून उभा. "कोंबड्या घाबरल्यात माझ्या. अंडी आटली तर कोण भरून देणार?"

मावशी म्हणाल्या, "भाऊ, आधी हा कुठून आलाय ते बघा, मग भांडा."

त्याच्याच टेबलावर संगणक ठेवून आम्ही फिल्म लावली. काळंभोर आभाळ. फुगा फुटून रबराच्या चिंध्या उडाल्या. दोऱ्या रिंगेमुळे फाकलेल्या राहिल्या. कापड फडफडलं, थरथरलं, आणि भर्रकन गोल भरलं. पडदाभर नारिंगी रंग झाला.

मुली नाचत होत्या. मावशी मात्र खुर्चीवर बसल्या आणि डोळे पुसू लागल्या. सायन्सच्या बाई घाबरल्या. "काय झालं मावशी?"

"अगं, जन्मभर छत्र्या पिशव्यांत भरल्या. वैमानिक विमानासकट सुखरूप उतरला की माझी पिशवी न उघडताच परत यायची, आणि ती तशीच परत यावी म्हणून मी रोज देवाला हात जोडायची. आपल्या हातची छत्री आभाळात उघडताना मी आज पहिल्यांदा पाहिली."

पोल्ट्रीवाल्याने डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. "पुढच्या वेळी आधी फोन करा," तो म्हणाला, "कोंबड्यांना सांगून ठेवतो." आणि पुढच्या रविवारी तो आपल्या लेकीला घेऊन आमच्या जिन्यावर हजर झाला.

आता रविवारी जिन्यात चपलांना जागा नसते. अध्यक्ष मुलींना वाऱ्याचं गणित शिकवतात, आणि वादळाची गोष्ट आता मुलीच मागून घेतात. ती फिल्म पाहून हवाई तळाने सगळ्यांना बोलावणं धाडलं. पॅराशूट विभागातल्या त्या लांब टेबलावर मुलींनी नारिंगी छत्री पसरली. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने शिलाईवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कुणी शिवली ही?"

"आम्ही!" सगळ्या एका सुरात ओरडल्या. त्यात मावशींचा आवाज सगळ्यात मोठा होता.